सॉफ्टवेअर निवडायचं तर आधी पॅनेल सॉपाशी जाऊन उभे राहा

प्रश्न असा आहे: कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत नऊ माणसांचं वर्कशॉप. महिन्याला सहा-सात वॉर्डरोब आणि दोन-तीन किचन निघतात. शीट कापायचा स्लायडिंग टेबलचा पॅनेल सॉ, फळीच्या कडेला पट्टी चिकटवणारा एज बँडर आणि सनमायका दाबून बसवणारा हॉट प्रेस आहे. पुढच्या दिवाळीपर्यंत नेस्टिंगचा सीएनसी राउटर, म्हणजे शीटवर तुकडे दाटीने मांडून कॉम्प्युटरच्या हुकमाने कापणारं मशीन, घ्यायचा विचार आहे. ड्रॉइंग आजवर ऑटोकॅडमध्ये टू-डी, कटिंग लिस्ट, म्हणजे कापायच्या फळ्यांच्या मापांची यादी, एक्सेलमध्ये हाताने. एका विक्रेत्याने महागड्या कॅबिनेट पॅकेजचा डेमो दाखवलाय, मुलगा म्हणतो थ्री-डी मॉडेल काढायचं स्केचअप पुरे, आर्किटेक्ट मित्र म्हणतो फ्यूजन (तेही थ्री-डीचंच) घ्या. काय घ्यावं?

आधी उत्तर सांगतो. आत्ता स्केचअप प्रोचं एक लायसन्स घ्या, त्यावर ओपनकटलिस्ट नावाचं फुकट एक्स्टेन्शन टाका, आणि सहा महिने एकच माणूस त्यावर बसवा. मोठं पॅकेज आज घेऊ नका. राउटरची ऑर्डर देताना त्याचा विचार करा, आणि तेव्हाही मशीन आधी ठरवा, सॉफ्टवेअर मागाहून. आता असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो. या बाबतीत मी स्वतः उलट्या क्रमाने गेलो होतो आणि त्याचे पैसे मोजलेत.

आमच्या पुण्याच्या वर्कशॉपमध्ये पहिलं परदेशी पॅकेज आलं तेव्हा डेमो बघून मी भारावलो होतो. कपाटाची रुंदी बदलली की शटर, कप्पे, बिजागऱ्यांची भोकं सगळं आपोआप सरकत होतं. पहिलंच मोठं काम कोथरूडच्या एका फ्लॅटमधलं. भिंत आणि कॉलम यांच्या मधे २७०६ मिमी जागा, त्यात ९०० मिमीची तीन कपाटं. हिशेबाने दोन्हीकडून तीन-तीन मिमी मोकळे. लिस्ट निघाली, माल कापला, प्रेस केलेल्या फळ्या जोडल्या, आणि साइटवर तिसरं कपाट आत जाईना. टेप लावला तर एकेक कपाट ९०३.६. तिन्ही मिळून २७१०.८.

चूक कुठे होती? सॉफ्टवेअरमध्ये बोर्डाची जाडी १८ होती. आमची फळी होती १८चा प्लाय, बाहेरून १ मिमी सनमायका, आतून ०.८चा लायनर (आतल्या बाजूचा पातळ सनमायका). एकूण १९.८. सॉफ्टवेअरने ९०० मधून दोन अठरा वजा करून तळफळी ८६४ची काढली. खरी हवी होती ८६०.४. शेवटी मधल्या कपाटाची तळफळी, वरची फळी आणि सगळे कप्पे आठ-आठ मिमी छाटले, दोन्ही शटरं पुन्हा कापून त्यांना पट्टी मारली, आणि मालकीणबाई बघत असताना हे सगळं बाल्कनीत उकरत बसलो. आमचे हेडमिस्त्री एवढंच म्हणाले, "सायेब, त्या कॉम्प्युटरला सनमायका दिसत नाही."

त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. ही पॅकेजं जिथे बनतात तिथे बोर्ड कारखान्यातूनच दोन्ही बाजूंनी मेलामाइन लागून येतो. त्याची जाडी म्हणजे एक आकडा, विषय संपला. आपल्याकडे निम्मं काम प्री-लॅम (आधीच थर लागून आलेल्या) बोर्डात, निम्मं प्लायवर सनमायका दाबून. आत एक रंग, बाहेर दुसरा, शटरला तिसरा. त्यामुळे आपल्या कामात 'मटेरियल' म्हणजे नुसता प्लाय नाही, तर प्लाय, आतला कागद (म्हणजे सनमायका) आणि बाहेरचा कागद अशी जोडी. १८ प्लाय, आत पांढरा, बाहेर अक्रोड: हे एक मटेरियल. १८ प्लाय, दोन्हीकडे पांढरा: हे दुसरं. एका किचनमध्ये अशा पाच-सहा जोड्या सहज होतात आणि प्रत्येक जोडीच्या ८×४च्या शीट वेगळ्या मोजाव्या लागतात. हे ज्या सॉफ्टवेअरला नीट सांगता येतं ते तुमच्या कामाचं. कोणत्याही डेमोत माझा पहिला प्रश्न आता हाच असतो, आणि विक्रेत्याचा चेहरा त्यावरच कळतो.

दुसरा प्रश्न पट्टीचा. ४४७ची तयार शटर हवी, चारी कडांना २ मिमी पट्टी आहे, तर पॅनेल सॉवर कापायची ४४३. पण तुमच्या एज बँडरला प्री-मिलिंग (पट्टीआधी कड छिलायची सोय) असेल आणि तो प्रत्येक कडेवरून १ मिमी खात असेल तर कापायची ४४५. ही दोन मिमीची गोष्ट कोण लक्षात ठेवणार? एक्सेलमध्ये तुम्ही ठेवता, म्हणून तुम्ही रजेवर गेलात की काम अडतं. सॉफ्टवेअर घ्यायचं ते मुळात यासाठी. तयार माप आणि कटिंग माप वेगळं दाखवणारी, कोणत्या कडेला कोणती पट्टी ते लिहिणारी यादी त्यातून निघाली पाहिजे. रंगीत चित्र नंतर.

स्केचअप आणि ओपनकटलिस्ट हे काम करतात. स्केचअप २००० साली आलं, मधे काही वर्षं गूगलकडे होतं, २०१२ पासून ट्रिम्बलकडे आहे. ओपनकटलिस्ट हे फ्रान्समधल्या सुतारकाम करणाऱ्यांच्या एका समूहाने बनवलंय. त्यात मटेरियलला 'शीट', 'पट्टी', 'विनियर' असे प्रकार देता येतात, जाडी ठरवता येते, पट्टी वजा करून कटिंग माप काढता येतं, शीटवर मांडणी आणि लेबलंही निघतात. आमच्याकडे १९.८ जाडीचं एक मटेरियल करून त्याला जोडीचं नाव देऊन टाकलंय, आणि मॉडेलमध्ये फळी काढतानाच १९.८ची काढायची अशी सवय लावलीय. साधी युक्ती आहे, पण कोथरूडसारखा प्रकार पुन्हा झाला नाही.

यात दोन खड्डे आहेत. एक म्हणजे स्केचअपमध्ये प्रत्येक फळी हा स्वतंत्र कंपोनंट पाहिजे, आणि त्याचा अक्ष फळीच्या लांबीच्या दिशेने. अक्ष आडवा राहिला की यादीत लांबी-रुंदीची अदलाबदल होते आणि अक्रोडाच्या शिरा आडव्या कापल्या जातात. एका किचनमध्ये आमची अकरा शटरं अशी कापली गेली. ती अजून वर्कशॉपमध्ये टेबलांच्या खालच्या फळ्या म्हणून वापरात आहेत. दुसरा खड्डा: एक्स्टेन्शन फक्त डेस्कटॉप आवृत्तीवर चालतात. ब्राउझरमध्ये चालणारं फुकट स्केचअप धंद्यासाठी वापरायला परवानगीच नाही, आणि त्यात ओपनकटलिस्टही बसत नाही. मुलगा 'स्केचअप पुरे' म्हणतोय तो कोणत्या आवृत्तीबद्दल बोलतोय ते विचारून घ्या.

ऑटोकॅड काढून टाकू नका. आर्किटेक्टकडून येणारे प्लॅन डीडब्ल्यूजी या ऑटोकॅडच्या फाइलीतच येतात. साइटचं माप, प्लंबिंगचे पॉइंट, खिडकीची चौकट हे त्यात ठेवायला उत्तम. फक्त कपाटाच्या आतली फळी त्यात काढणं थांबवा. आणि प्लॅन आला की पहिल्यांदा एक ओळखीचं माप मोजा, दरवाजाची रुंदी वगैरे. इंचातली फाइल मिमी समजून उघडली की सगळं २५.४ पटीने चुकतं. ते लगेच दिसतं म्हणून निदान नुकसान होत नाही.

मापाचं निघालंच आहे तर सुताचं सांगतो. तुमचे मिस्त्री फूट-इंच-सुतात बोलत असणार, सॉफ्टवेअर मिमीत बोलणार. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. किचनचं ७२०चं खालचं कॅबिनेट टेपवर 'दोन फूट चार इंच तीन सूत' पडतं, पण पाऊण मिमी कमी. हा पाऊण मिमी एका कॅबिनेटला चालतो, ओळीत सहा लावले की दिसतो. मी एका सोमवारी सगळ्यांचे टेप जमा केले आणि फक्त मिमीचे टेप वाटले. पहिले दहा दिवस शिव्या खाल्ल्या. जुने एक मिस्त्री अजूनही आधी सुतात पुटपुटतात आणि मग मिमीत कापतात, पण कापतात बरोबर. सॉफ्टवेअरवर लाखभर खर्च करून टेप जुनेच ठेवले तर ते पैसे पाण्यात.

फ्यूजनबद्दल तुमचा आर्किटेक्ट मित्र चूक नाही, पण तो वेगळ्या कामाबद्दल बोलतोय. खुर्ची, गोलाईचा पाय, सागवानी पलंगाचे खाच-कुसवाचे सांधे, लोखंडी फ्रेमवर लाकूड बसवायचं असलं काम असेल तर फ्यूजन किंवा सॉलिडवर्क्स फार छान. माप बदललं की सांधा सोबत बदलतो, आणि फ्यूजनमध्ये सीएनसीचा टूलपाथ, म्हणजे बिट कुठून फिरणार तो मार्गही, तिथल्या तिथे निघतो. पण साठ-सत्तर फळ्यांचं किचन त्यात उभं करणं म्हणजे पटाशीने प्लाय कापण्यासारखं आहे, आणि चपट्या मालाची यादी काढायला वेगळं अ‍ॅड-इन जोडावं लागतं. त्याची फुकट वैयक्तिक आवृत्ती धंद्यासाठी नाही, हेही लक्षात ठेवा. तुमच्याकडे असं काम वर्षातून चार वेळा येत असेल तर ते बाहेरून काढून घ्या. राइनो या आणखी एका थ्री-डी सॉफ्टवेअरचं एक वेगळेपण सांगण्यासारखं आहे. त्याचं लायसन्स एकदाच विकत घेता येतं, दरवर्षी भाडं नाही. वळणदार डिझाइनवाल्यांनी त्याकडे जरूर बघावं.

आता त्या मोठ्या पॅकेजकडे येतो. कॅबिनेट व्हिजन, मायक्रोवेलम, मोझाइक, इमॉस, पॉलिबोर्ड, टॉपसॉलिड वूड ही सगळी गंभीर सॉफ्टवेअर आहेत, एकही खेळणं नाही. फरक त्यांच्या जन्मगावाचा आहे. अमेरिकेतली कपाटं पुढे चौकट लावलेली असतात आणि इंचात मोजतात, म्हणून तिथल्या पॅकेजमध्ये तशी डिफॉल्ट मिळतात. युरोपातली बिनचौकटीची, ३२ मिमी पद्धतीची. म्हणजे पुढच्या कडेपासून ३७ मिमीवर ५ मिमीची भोकं, ३२च्या अंतराने, आणि सांधे लाकडी खुंटीचे नाहीतर फिरवून आवळायच्या कॅमचे. आपण ३२ मिमी पद्धत घेतली, पण सांधा अजून स्क्रू आणि फेविकॉलचाच. पॅकेज हे सगळं शिकतं, पण शिकवायला तुम्हालाच लागतं. तुमची बिजागरी, तिच्या कपाचं ३५ मिमीचं भोक कडेपासून किती अंतरावर, तुमचं टेलिस्कोपिक चॅनेल, त्याला दोन्हीकडे साडेबारा-तेरा मिमी जागा, पाठीची फळी खाचेत की मागून ठोकलेली, खाच किती खोल: असे शेकडो नियम भरावे लागतात. आमच्याकडे ही लायब्ररी नीट व्हायला पाच महिने लागले, आणि त्या काळात हुशार पोरगा पूर्णवेळ त्यावर होता. विक्रेता कोटेशनमध्ये 'तीन दिवसांचं ट्रेनिंग' लिहितो. तीन दिवसांत बटणं कळतात. पॅकेजची खरी किंमत म्हणजे हे पाच महिने, आणि तो आकडा कोटेशनमध्ये कुठेच नसतो.

म्हणून महिन्याला दहा कामं असताना ते घेऊ नका. माझी खूण अशी: पॅनेल सॉवरचा माणूस लिस्टची वाट बघत रिकामा उभा राहतो असं आठवड्यातून दोनदा व्हायला लागलं, की पॅकेजची वेळ झाली. त्याआधी नाही.

पॅकेजची दुसरी वेळ म्हणजे राउटर आला की. कारण तिथे खेळ बदलतो. पॅनेल सॉला आरपार काप लागतात, शीटच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. राउटर शीटच्या मधोमध कुठेही वळतो. त्यामुळे एकाची मांडणी दुसऱ्याला चालत नाही. सॉच्या पात्याची खाच सव्वातीन मिमी, राउटरच्या बिटची दहा-बारा, म्हणून दोन तुकड्यांमधलं अंतरही वेगळं. शिवाय राउटर भोकं आधी पाडतो आणि पट्टी नंतर लागते. तयार कडेपासून ३७ हवं तर २ मिमी पट्टी आणि १ मिमी प्री-मिलिंगचा हिशेब करून कच्च्या कडेपासून ३६वर पाडावं लागतं. हे हाताने करत बसलात तर पहिल्या महिन्यात वेड लागेल. इथे पॅकेज स्वतःचे पैसे वसूल करतं.

पण मशीनची भाषा बघून. जर्मन आणि इटालियन मशीनवाल्यांच्या स्वतःच्या फाइली असतात. होमागचं वूडवॉप एमपीआर फाइल मागतं, बिएसेचं वेगळं. आपल्याकडे येणारे बरेच चिनी राउटर सिंटेकसारख्या कंट्रोलरवर जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांची यादी, खातात. पॅकेज आणि मशीन यांच्या मधला दुभाषा म्हणजे पोस्ट-प्रोसेसर. तो कोण देणार, त्याचे पैसे वेगळे की आतच, टूल बदलला तर दुरुस्ती कोण करणार, हे पर्चेस ऑर्डरवर लिहून घ्या. तोंडी नको. आमच्या ओळखीच्या एकाचा राउटर यावरून अडीच महिने झाकून ठेवलेला होता. मशीनवाला म्हणे सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, तो म्हणे मशीनवाल्याला. दोघांचंही बिल मात्र भरलेलं.

डेमोला जाल तेव्हा विक्रेत्याची लायब्ररी बघू नका. तुम्ही आधीच बनवून बसवलेलं एक कपाट निवडा, ज्याची कटिंग लिस्ट तुमच्याकडे आहे आणि जे साइटवर नीट बसलंय. तेच त्याला तुमच्यासमोर काढायला सांगा, तुमच्या प्लाय-सनमायकासह. मग रुंदी ९००ची ८६० करा, एक ड्रॉवर वाढवा, शटर एकाऐवजी दोन करा. प्रत्येक वेळी लिस्ट प्रिंट करून तुमच्या लिस्टशी ओळीन् ओळ ताडून बघा. सोबत तुमच्या हेडमिस्त्रींना न्या. ते स्क्रीनकडे बघणार नाहीत, कागद बघतील. कागद त्यांना न विचारता कळला तर पुढे बोला. इंडियावूडसारख्या प्रदर्शनात एकाच हॉलमध्ये चार-पाच विक्रेते भेटतात. तिथे तीच एक लिस्ट घेऊन सगळ्यांकडे फिरलात तर दिवसाभरात चित्र स्पष्ट होतं.

ग्राहकाला थ्री-डी चित्र हवं असतं, ते खरं आहे. स्केचअपला एन्स्केप किंवा व्ही-रे जोडून उत्तम चित्रं निघतात. इन्फर्निया, कूहोम यांसारखी ब्राउझरमधली साधनं त्याहून झटपट. फक्त चित्र काढणाऱ्याने ज्या मॉडेलमधून लिस्ट निघणार तेच वापरावं. चित्राचं मॉडेल एक आणि कापायचं दुसरं असलं, की ग्राहकाने सही केलेल्या चित्रात चार ड्रॉवर आणि साइटवर तीन असं होतंच. आमच्याकडे झालंय. चौथा ड्रॉवर फुकटात करून दिला.

क्रॅकबद्दल, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेल्या चोरट्या प्रतींबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण बहुतेक वर्कशॉपमध्ये तेच चालतं म्हणून लिहितो. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ६३ब बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरण्याबद्दल आहे. शिक्षा किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद, आणि दंड पन्नास हजार ते दोन लाख. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैदेत सूट देऊ शकतं, आपला तर धंदाच आहे. शिवाय क्रॅकबरोबर आलेल्या व्हायरसने एकदा आमची तीन वर्षांची ड्रॉइंगं कुलूपबंद केली होती. दंड परवडला असता असं तेव्हा वाटलं. बजेट अगदीच नसेल तर फ्रीकॅड आहे. पूर्ण फुकट, धंद्यालाही चालतं, आणि २०२४ अखेरीस आलेल्या १.० आवृत्तीपासून बरंच सुधारलंय. शिकायला कष्ट पडतात. पण स्प्रेडशीटला मापं जोडून एक कपाट नीट बसवलंत की पुढची पन्नास कपाटं त्यातूनच निघतात.

भाड्याच्या सॉफ्टवेअरचं एक पथ्य. वर्गणी थांबली की मूळ फाइल उघडायची सोय जाते किंवा तोकडी होते. म्हणून प्रत्येक काम संपलं की त्याच फोल्डरमध्ये ड्रॉइंगचा पीडीएफ, फळ्यांची डीएक्सएफ (बहुतेक ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल) आणि कटिंग लिस्टची एक्सेल प्रत ठेवून द्या. पाच वर्षांनी ग्राहक 'तसलंच अजून एक शटर' मागायला येतो, तेव्हा तुम्हाला मॉडेल लागत नाही. एक ओळ लागते: किती बाय किती, कोणता कागद, शिरा उभ्या की आडव्या.

माणूस कोण बसवायचा? मुलगाच बसणार असेल तर त्याला आधी एक महिना पॅनेल सॉवर आणि एक महिना साइटवर फिटिंगला पाठवा. भिंत ओळंब्यात नसते, कोपरा गुण्यात नसतो, फट बुजवणारी फिलर पट्टी कशाला लागते, हे त्याने स्वतःच्या हाताने बघितलं पाहिजे. आमच्याकडचा सगळ्यात चांगला ड्राफ्ट्समन आयटीआय करून आलेला सुताराचा पोरगा आहे. डिझाइनची पदवी घेतलेले दोघं येऊन गेले, चित्रं सुरेख काढायचे, पण दोघांच्याही कपाटांना बिजागरीच्या जागीच कप्पा यायचा.

लॅपटॉपला सोळा जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलं की पुरतं. त्यात वाचलेल्या पैशांतून एक लेबल प्रिंटर घ्या. सॉवरून फळी उतरली की तिथल्या तिथे लेबल लागलं पाहिजे, आणि त्यावर काम, कपाट, फळीचं नाव देवनागरीत: 'कपाट २, डावी बाजू, पट्टी पुढे'. आमचे निम्मे कारागीर राजस्थान आणि उत्तर प्रदेशचे आहेत, त्यांनाही ते वाचता येतं. पहिल्या कामाला लेबल सनमायकाच्या दर्शनी बाजूला चिकटवू नका, डिंक निघता निघत नाही.